तांबट आळीचं कॅलेंडर : दोन कॅमेऱ्यांच्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. आमच्या घरचा बंब ज्यांच्या वडिलांनी घडवला, त्या काकांच्या कारखान्याचं २०२५ चं भिंतीवरचं कॅलेंडर. कारखाना म्हणजे पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीतली दोन खोल्यांची जागा. बारा पानं, ए-३, आडवी, १७० जीएसएम आर्ट पेपर, वरून वायरो (तारेची बांधणी). छपाई आमच्याच प्रेसमध्ये, जिथे मी गेली अकरा वर्षं प्रीप्रेसला (फायली छपाईसाठी तयार करायला) बसते. फोटो माझे, फुकट. गेल्या वर्षी काकांनी गिऱ्हाइकांना तयार कॅलेंडर वाटलं होतं, त्यावर बर्फाचे डोंगर. "तांब्याच्या दुकानात बर्फ कशाला गं?" असं काकू तेव्हापासून म्हणताहेत.

मुळात फोटो माझ्या खिशातल्या सोनी आरएक्स१०० वर काढायचे होते. २०१२ चं पहिलं मॉडेल, बारा वर्षं जुनं, कोपऱ्यांचा रंग उडालेला. पण दिवाळीला दादा आलाय (मावसभाऊ, जर्मनीत गीसेनला असतो) आणि त्याच्या गळ्यात लायका एम९. ३५ मिलिमीटरची सुमिक्रॉन लेन्स, एफ/२ (हा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, आत उजेड जास्त). त्यानं माझा कॅमेरा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "अगं, ए-३ ला हा पुरायचा नाही. फुल-फ्रेम ते फुल-फ्रेम." फुल-फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग.

प्रीप्रेसवालीला असं सांगायचं नसतं. माझ्या कॅमेऱ्याची फाइल ५४७२ × ३६४८ पिक्सेलची. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ४६ सेंटिमीटर रुंद. दादाच्याची ५२१२ × ३४७२, म्हणजे ४४ सेंटिमीटर. ए-३ ची लांबी ४२. दोन्ही पुरतात, माझा दोन सेंटिमीटर जास्तच. दादा हसला आणि कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. २२ डिसेंबरला त्याचं विमान, तोवर माझ्याकडे. पाडलास तर गीसेनला येऊन भांडी घासावी लागतील, एवढीच अट.

तर आता प्रकल्पात प्रकल्प. प्रत्येक फेरीला दोन्ही न्यायचे, शेवटी नावं झाकून बारा पानं निवडायची.

रविवार, १० नोव्हेंबर

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. खिशातला : बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. दादाचा : बॉडी ५८५, लेन्स २५५, एकूण ८४०. आई म्हणाली, एक पाव किलो आणि एक भाजीची पिशवी.

किमतीही लिहून ठेवते. एम९ सप्टेंबर २००९ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत नुसती बॉडी ६,९९५ डॉलरला होती, लेन्स वेगळी. आरएक्स१०० तीन वर्षांनी आला, ६५० डॉलरला, लेन्स अंगचीच.

सेन्सरचा हिशेब : एम९ चा साधारण ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. माझा १३.२ × ८.८, ११६ चौरस मिलिमीटर. सात पटींहून जास्त फरक. वाटी आणि परात. पिक्सेल जवळपास सारखेच, पण परातीत ऐसपैस बसलेले.

बायकांच्या कुर्त्याला खिसा नसतो, हा कुठल्याच कॅमेरा-परीक्षणात न येणारा मुद्दा. "खिशात मावणारा" कॅमेरा घेऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा शिंप्याकडून दोन कुर्त्यांना खिसे शिवायला टाकले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रात्री सराव. दादाचा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. त्याचं काम असं : डोळा लावायच्या खिडकीतून लेन्समधलं दिसतच नाही, साध्या काचेतून समोरचं दिसतं. मधोमध एक छोटा उजळ चौकोन. समोरच्या बाजूला काही सेंटिमीटरवर दुसरी लहान खिडकी आहे, तिच्यातलं चित्र आरशाभिंगांतून त्या चौकोनात येऊन पडतं. म्हणून चौकोनात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. लेन्सची कडी फिरवली की दुसरं चित्र सरकतं. दोन्ही एकावर एक बसली की फोकस झाला. आपले दोन डोळे अंतर ओळखतात त्याच तत्त्वावर. एम९ मध्ये या दोन "डोळ्यांत" ६९ मिलिमीटर अंतर आहे, जवळपास माणसाच्या डोळ्यांइतकंच.

ऑटोफोकस नाहीच. कार्ड काढायचं तर कॅमेऱ्याचा तळ उघडून हातात धरायचा. स्क्रीन अडीच इंची, त्यावर फोटो नीट आला की नाही ते कळत नाही, फक्त आला एवढं कळतं.

देव्हाऱ्यातल्या समईवर तासभर फोकस केला. आईला वाटलं मी जप करतेय.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. कारखान्यात अंधार असणार म्हणून आधी अंधाराची परीक्षा पाताळेश्वरला. पणत्या, त्यांच्याहून जास्त मोबाईल.

दादाच्या कॅमेऱ्याचं इथं भलतंच सुख निघालं. पणतीची ज्योत. चौकोनात दोन ज्योती दिसतात, कडी फिरवत न्यायची, दोन्ही एक झाल्या की बटण. काळोखात याहून सोपी खूण नाही. एफ/२, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता) १२५०, शटर १/३० सेकंद. फक्त चौकटीच्या पांढऱ्या रेषा अंधुक पडतात, कारण एम९ मध्ये त्या बाहेरच्या उजेडावरच उजळतात. नंदीमंडपाच्या सावलीत उभी राहिले तर चौकट कुठे संपते ते अंदाजानंच.

खिशातला एफ/१.८ वर, आयएसओ ८००, १/१५. त्याच्या लेन्समध्ये हात हलला तर सावरायची सोय आहे, म्हणून दगड, पायऱ्या, पणत्यांच्या ओळी खणखणीत. त्याच चौकटीतली माणसं मात्र विरघळलेली. सावरायची सोय माझ्या हातासाठी आहे, वात सरळ करणाऱ्या आजींच्या हातासाठी नाही. शिवाय त्याचा फोकसचा केशरी दिवा एका काकूंच्या तोंडावर पडला आणि त्या जे बघत्या झाल्या! मेनूत जाऊन बंद केला. आजपासून कायमचा बंद.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पहिली फेरी. आत शिरल्यावर दोन मिनिटं काही दिसलं नाही. एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात भट्टी, दारावर ऊन अडवायला निळी ताडपत्री. तीन तऱ्हांचा उजेड आणि त्यात मधोमध तांबं. वर आढ्याला वर्षानुवर्षांची काजळी. खिशातल्याचा फ्लॅश बोटानं मागे वाकवून छतावर मारायची एक हुशारी मला येते. घरी, पांढऱ्या छताखाली ती छान चालते. इथे सगळा उजेड काजळीनं गिळला. फ्लॅश बंद.

काका घागरीवर मठारकाम करत होते. पत्र्याला आकार दिला, जोड दिले की भांडं लोखंडी दांड्यावर धरायचं, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत जायचं. ओळीनं खळगे पडतात, त्यांनाच मठार म्हणतात. शोभा तर येतेच, पण काकांच्या मते खरं काम वेगळं : "ठोक्यानं तांबं कडक होतं. बिनमठारलेलं भांडं एकदा आपटलं की चेपलं." मध्ये फारच कडक झालं तर भट्टीत लाल करून मऊ करून घ्यायचं. पोलाद तापवून पाण्यात घातलं की कडक होतं, तांबं उलट मऊच राहतं. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

आता कॅमेऱ्यांचं. रेंजफाइंडर म्हणजे लोकांच्या नजरेत न येणारा कॅमेरा, असं आजवर ऐकलेलं. आळीत उलटं झालं. डोळ्याला कॅमेरा लावला की काकांनी हातोडी खाली ठेवली, सदऱ्याची वरची गुंडी लावली, पाठ ताठ केली. डोळ्याला लावलेला कॅमेरा म्हणजे फोटो काढणं, हे त्यांच्या पिढीला पक्कं ठाऊक. खिशातला पोटाशी धरून स्क्रीनकडे बघत राहिले तर ठोके चालूच. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मोबाईलवर काय आलं काय?"

शटरचा आवाज कोणाचा कमी, यावर जगभर वाद चालतात. तांबट आळीत हा प्रश्न उद्भवत नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

कालच्या फायली मोठ्या स्क्रीनवर. दादाच्या कॅमेऱ्याचे घागरीचे बहुतेक फोटो फोकस चुकलेले. थोडेथोडके नाही, दहा-पंधरा सेंटिमीटरनं. काल खिडकीतून तर सगळं एकावर एक चपखल बसलेलं दिसत होतं.

अर्धा दिवस डोकं खाजवलं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, रेंजफाइंडर जुळवून घ्यायला लागेल, कधीकधी सरकतो. पण भट्टीचे फोटो बरोबर होते, काकूंचे बरोबर होते. चुकलेली फक्त घागर.

मग कळलं. मठार! खळगे सगळे सारखे, ओळीनं, साधारण एकेक सेंटिमीटरवर. चौकोनात दुहेरी चित्र सरकवत नेलं की एक खळगा शेजारच्या खळग्यावर जाऊन बसतो आणि दिसतं अगदी जुळल्यासारखं. कागदावर मांडून पाहिलं : ६९ मिलिमीटरच्या पायावर, एक मीटर लांबून, एका खळग्याची चूक म्हणजे फोकस साधारण ८७ सेंटिमीटरवर किंवा ११७ वर. चुकलेल्या फोटोंशी ताळा पडला. जाळी, गज, विणलेली टोपली, सगळीकडे हेच होणार. त्यात तांब्यावर चमक. चमक ही भांड्याची नसतेच, ट्यूबलाइटची असते, दोन खिडक्यांना ती दोन वेगळ्या जागी दिसते.

खिशातल्याला हा त्रास अजिबात नाही. तो काळ्या-पांढऱ्यातला फरक शोधत फोकस करतो आणि मठारलेलं भांडं म्हणजे फरकच फरक. त्याला अडतं ते उलट जागी : काजळलेली भिंत, काकांचा काळपट सदरा. तिथे पुढेमागे करत बसतो.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सकाळी मत दिलं, प्रेसला सुट्टी, दुपारी आळीत. काकाही मत देऊन कामाला बसलेले.

उजव्या हातात हातोडी, डावा हात भांड्यावर. आणि डाव्या तर्जनीवर, नखापासून खाली, ताजी जांभळी-काळी रेघ. एकच. शेजारी तिच्यासारखी दुसरी नाही, चमकत नाही, हलली तरी भांड्याबरोबरच हलते. चौकोनात दोन रेघा, कडी फिरवली, एक रेघ. आज दादाच्या कॅमेऱ्यावर एकही घागर चुकली नाही.

घरी आल्यावर आठवलं, मतदानाच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याची गाठ पडते आणि उजेड लागला की काळं पडतं. फिल्मच्या जमान्यात फोटोचा थर बनवायलाही हेच लागायचं. म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याचा फोकस मी आज चांदीच्या क्षारावर केला. दादाला हे इतकं आवडलं की त्यानं त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर जर्मनमध्ये टाकलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

आजवरची सर्वांत चांगली फेरी. विस्तारानं लिहिते.

प्रश्न हातोडीचा होता. ठोका पडतानाचा क्षण हवा. खिशातल्याच्या स्क्रीनवर हातोडी वर गेली की चौकटीबाहेर जाते आणि संपते. परत दिसते तेव्हा ती भांड्यापाशी असते, बोट दाबेपर्यंत ठोका होऊन गेलेला. अंधारात स्क्रीनवरचं चित्रही किंचित मागे राहतं. दादाच्या खिडकीत ३५ च्या पांढऱ्या रेषांच्या बाहेरचंही दिसतं. हातोडी चौकटीबाहेर वर थांबलेली दिसते, खाली यायला निघालेली दिसते, रेघ ओलांडून आत येताना दिसते. पहिल्या अर्ध्या तासात याच कारणानं दादाचा कॅमेरा सरळ पुढे.

मग डोळे मिटून नुसतं ऐकलं. काकांचा हात ठेक्यात चालतो, ठक-ठक-ठक, तबलजीसारखा. कानानं मोजून बटण दाबायला लागले तर खिशातलाही साधू लागला. आधी अर्धं बटण दाबून फोकस धरून ठेवायचा आणि मग लयीवर पूर्ण दाबायचं. तासाभरात दोघांचं बरोबरीत आलं. रेंजफाइंडरच्या बाजूनं जो मुद्दा मी मोठ्या थाटात लिहिणार होते, तो काकांच्या लयीनं निम्मा करून टाकला. बेसूर ठोकणारा कारागीर असता तर राहिला असता.

दुसरी गोष्ट, फोकसची जाडी. एक मीटरवर, एफ/२ ला, दादाच्या कॅमेऱ्यात नीट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटिमीटर, एक मूठभर. खिशातल्याची लेन्स त्याच चौकटीपर्यंत झूम केली की तिचं तोंड एफ/२.८ पर्यंत बारीक होतं. तरी सेन्सर लहान असल्यामुळे पट्टा साधारण ३७ सेंटिमीटर, दीड वितीहून जास्त. म्हणून खिशातल्यात भांडं, हात, हातोडी, तिन्ही स्पष्ट. दादाच्यात बोट स्पष्ट आणि बाकी सगळं तुपात बुडालेलं. नेटवर या तुपासाठी लोक जीव टाकतात. कॅलेंडरला काय हवं? गिऱ्हाइकाला घागर दिसायला हवी. पण डोळ्यांपुढे आधी येतो तो बोटाचा फोटो, हे मान्य करते.

तिसरी, ठोका. हातोडी वर पोचते तिथे क्षणभर थांबते, त्यामुळे १/६० लाही ती वर असताना स्पष्ट येते. ठोका पडताना ती सर्वांत वेगात असते, तेव्हा फराटा येतो. स्पष्ट हवा तर १/५०० पाहिजे आणि तेवढा उजेड इथे दुपारी एकलाही नाही. म्हणून माझे सगळे "चांगले" फोटो हातोडी वर असतानाचे आहेत, दोन्ही कॅमेऱ्यांवर.

निघताना एक पोर्ट्रेट. दादाचा कॅमेरा डोळ्याला, काका ठोक्यांत गुंग. "काका, जरा इकडे बघा ना." त्यांनी मान वर केली, हात चालूच. डोळ्यात भट्टीचा ठिपका, बोटावर रेघ, घागरीवर मठार खालपर्यंत एकेक मोजावा असा. एफ/४, आयएसओ ६४०. हे पान मार्च. आत्ताच ठरलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

कल्हईचा दिवस. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून बोळ्यानं आतून फिरवायचं. पांढराशुभ्र धूर आणि त्याच्यामागून भांड्याचा आतला भाग एकदम चांदीसारखा. सगळा खेळ काही सेकंदांचा.

धुरात खिशातल्याचा ऑटोफोकस वेडा झाला. दादाचा दीड मीटरवर लावून ठेवला, एफ/५.६, लेन्सवरच्या आकड्यांवरून सव्वा मीटर ते एक मीटर नव्वद सगळं मिळतं. धूर असो की नसो, अंतर बदलत नाही. कल्हईची दोन्ही पानं त्याच्याकडे जाणार.

जवळचं मात्र त्याच्या हातचं नाही. सुमिक्रॉन ७० सेंटिमीटरच्या आत येऊच देत नाही. एका मठाराच्या खळग्यात अख्खा कारखाना उलटा दिसतो, दार, ताडपत्री, मी. तो फोटो खिशातल्यानं पाच सेंटिमीटरवरून काढला, भांड्याला जवळजवळ नाक लावून. जानेवारी.

गुरुवार, ५ डिसेंबर

प्रेसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, चाचणीच्या फायली सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत. अपेक्षेप्रमाणे तांबं मेलं. स्क्रीनवर जो लालबुंद चकाकता केशरी दिसतो तो चार शाईंत बसत नाही. पिवळा आणि मॅजेंटा कितीही द्या, निळ्याचा अंश काढा, भाजलेल्या विटेपर्यंत पोचतं. दादाच्या कॅमेऱ्याचे रंग जुन्या फिल्मसारखे, असं त्याचे भक्त म्हणतात. असतील. आमच्या मशिनवरून दोन्ही घागरी एकाच विटेच्या भट्टीतून निघाल्या.

फरक आहे तो काळ्यात. काजळीच्या भिंतीतून तपशील वर उचलायला गेले तर खिशातला बराच उचलू देतो. दादाचा सेन्सर सीसीडी या जुन्या जातीचा, २००९ चा, तिथे लवकर दाणे येतात. वाटीपेक्षा परात मोठी हे खरं, पण परात तीन वर्षं जुनी आहे. आमच्या धंद्यात यावर एक उत्तर : काळं काळंच राहू दे.

रविवार, ८ डिसेंबर

दादा जेवायला. गीसेनहून वेट्झलार जवळच, लायकाचं गाव. तिथे लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दमा, डोंगरात काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहून नेणं झेपेना. सिनेमाची फिल्म आडवी घालून, दोन चौकटींची एक करून, १९१४ च्या सुमारास त्यानं हातात मावणारा कॅमेरा केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत, म्हणजे व्यापारी मेळ्यात, लायका विकायला आला. तेव्हाचे व्यावसायिक फोटोग्राफर त्या टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हकडे बघून नाक मुरडायचे.

मी दादाला विचारलं, म्हणजे आज ज्याला तू फुल-फ्रेम म्हणतोस ती तेव्हाची वाटीच ना? तो म्हणाला, "अळूवडी दे."

शनिवार, १४ डिसेंबर

दत्तजयंती. आळीत गर्दी, काम अर्धा दिवस. सुमिक्रॉन काढून दादाची ९० ची लेन्स लावायचा मोह झाला आणि तो मी भट्टीपासून चार फुटांवर पुरा केला. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत वर डावीकडे राखेचा ठिपका. चूक सर्वस्वी माझी. नंतर दादानं फुंकणीनं काढला, मला काही बोलला नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट. खिशातल्याची लेन्स निघतच नाही, तेवढी अक्कल मला त्याच्याकडून आलेली नाही.

काकांच्या कातडीवरची रेघ गेली. नखावरची आहे, पण नखाबरोबर पुढे सरकलीय. फोकस आता तीन मिलिमीटर पुढे.

मंगळवार, १७ डिसेंबर

निवड. प्रेसमधल्या दोघांना बोलावलं, फायलींची नावं झाकलेली. दोन्ही कॅमेऱ्यांची चौकट ३:२ च, त्यामुळे आकारावरून ओळखायची सोय नाही. ए-३ प्रूफ भिंतीला लावून हातभर लांबून कोणाला काही ओळखता आलं नाही. मशिनमनने भिंग काढलं, तेव्हा दोनतीन ओळखले, तेही तुपावरून.

हिशेब : खिशातला सात, दादाचा पाच. पोर्ट्रेट आणि कल्हई दादाच्याकडे. भांडी, हत्यारं, जवळचे तपशील खिशातल्याकडे. दादाला फोनवर सांगितलं. "आणि मार्च?" त्यानं विचारलं. मार्च तुझा. "मग झालं तर."

शनिवार, २१ डिसेंबर

प्रूफ घेऊन आळीत, दादाही बरोबर. काकांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. काकूंनी पानं उलटायची, काकांनी बघायचं.

जानेवारी बघून काका म्हणाले, "यात तू दिसतेस." फेब्रुवारीवर मान हलवली. मार्च आला. मी आणि दादा दोघंही गप्प. काकांनी पान हातात घेतलं, दारापाशी उजेडात नेलं, चष्मा वर करून नाकाशी धरलं. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.

"हे नको."

का?

त्यांनी घागरीच्या मधल्या ओळीवर नख टेकवलं. तेच नख, रेघ आता आणखी थोडी पुढे सरकलेली. दोन मठार एकमेकांत शिरले होते. खळगा वाकडा, बाजूची ओळ किंचित चढलेली. मी हा फोटो महिनाभर शंभर टक्के मोठा करून बघत होते, मला कधी दिसलं नाही. "तू इकडे बघा म्हणालीस ना, त्या वेळचं आहे हे. हात चुकला. ते भांडं मी पुन्हा तापवून सारखं केलं, गिऱ्हाइकाला दिलं पण. आता वर्षभर भिंतीवर कशाला?"

दादा म्हणाला, काका, पण तो फोटो काय सुंदर आलाय. काका म्हणाले, आलाय की. इतका स्वच्छ आलाय म्हणूनच नको.

मग नाकारलेल्या फोटोंचा गठ्ठा त्यांनी स्वतः चाळला. खिशातल्यावर, पोटाशी धरून काढलेला एक निघाला, १/६० चा. हातोडीचा नुसता फराटा, चेहरा अर्धा कापलेला, ट्यूबलाइटचा पट्टा कपाळावर. मी तो पहिल्याच दिवशी बाजूला टाकला होता. "हा घे. यात ठोका पडतोय. बाकी सगळ्यात आपलं हातोडी वर धरून उभा."

काकूंचं म्हणणं, यात निदान गुंडी तरी उघडी आहे, रोजच्यासारखे दिसतात.

आठ आणि चार. मार्चची फाइल बदलली. छपाईच्या प्लेट सोमवारी निघायच्या होत्या, त्यामुळे नुकसान काही नाही. जुना मार्च ए-३ वर एक प्रत काढून दादाच्या बॅगेत गुंडाळून दिला. कॅमेरा त्याच्या गळ्यात परत. उद्या पहाटे साडेतीनची टॅक्सी.